भिंतीत गेलेला माल

माणसं भितात, त्यात नवल ते काय? कुणी सापाला भितं, कुणी सासूला, आणि ज्याच्या नशिबी दोन्ही आहेत तो बिचारा गप्प बसतो. पण सकाळी डोळा उघडला की आधी थोडं भिऊन घ्यायचं आणि मग दात घासायचे, असा माणूस एकच. जपूनमामा.

त्याचं खरं नाव काय, ते त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबून आठवावं लागतं. जो भेटेल त्याला "जपून हां, जपून" म्हणायची सवय, म्हणून सगळी वस्ती त्याला जपूनमामा म्हणते. जिना उतरणाऱ्याला जपून, चढणाऱ्यालाही जपून. एकदा न्हाव्याच्या दुकानात एक जण नुसता केस विंचरत होता, त्यालाही मामा म्हणाला, "जपून, कंगव्याला दात असतात." स्वतःच्या लग्नात फोटो काढायला व्यासपीठावर चढायचं होतं, तर आधी त्याने एकेका फळीवर पाय आपटून पाहिला. लोकांना वाटलं नवरदेव नाचतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा त्या टाळ्यांनाही दचकला.

असा माणूस इमारतीच्या कामात कसा आला, हे ऐकण्यासारखं आहे. ऐन उमेदीत तो एका गवंड्याच्या हाताखाली लागला. पहिल्याच दिवशी त्याला बांबूच्या परांचीवर चढवला. दोन पुरुष उंचीवर गेला आणि घोरपडीसारखा बांबूला चिकटला. ना वर, ना खाली. शेवटी खालून चौघांनी हात जोडले, तरी उतरेना. मिस्त्रीने मग दोरी लावून त्याला पोत्यासारखा खाली घेतला आणि म्हणाला, "लेका, तू जमिनीवरचं काम बघ. जमिनीवरून पडून कुणी मेलेलं मी अजून ऐकलं नाही."

मामाने ते वाक्य काळजात जपून ठेवलं. तेव्हापासून तो घराघरातल्या जमिनी सपाट करतो. घरात नवी लाकडी पट्ट्यांची फरशी बसवायची असली की आधी मामाला बोलावणं येतं. आपल्याला वाटतं आपली जमीन सपाट आहे. कसली सपाट! जुना कोबा म्हणजे निजलेल्या म्हशीची पाठ. कुठे उंचवटा, कुठे खळगा. त्यावर तशाच पट्ट्या ठोकल्या तर महिनाभरात कुरकुर सुरू होते आणि सांधे उघडे पडतात. म्हणून मामा आधी गुडघ्यांवर रांगतो. लांब सरळ पट्टी जमिनीवर टेकवतो, पलीकडे दिवा ठेवतो आणि पट्टीखालून उजेड कुठे झिरपतो ते बघतो. उंचवट्यावर खडूने फुली, खळग्याला गोल. हातोडीच्या दांड्याने ठोकून जिथे जमीन पोकळ बोलते तिथला कोबा उकरतो. उंचवटे यंत्राने घासतो. मग सगळं झाडून, पुसून, वर पातळ माल ओततो. सिमेंटचाच असतो, पण ताकासारखा वाहता. तो आपला आपण पसरतो, खळगे भरतो आणि वाळला की आरशासारखा सपाट.

वाहता, म्हणूनच मामा त्याला सगळ्यात जास्त भितो. वाहणाऱ्या वस्तूला भोक सापडतंच. ओतायच्या आधी भिंतीकडेच्या फटी, नळांची भोकं, भेगा, सगळं बुजवावं लागतं. हे काम मामा दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

एकदाच करू दिलं.

ते घर होतं एका शिंपीणबाईंचं, पहिल्या मजल्यावर. इमारत जुनी, भिंती जाड. बाई एकट्या, तोंडाने फटकळ, हाताने सोन्यासारख्या. त्यांची तक्रार अशी, की शिवायला बसलं की मशीन नाचतं.

"सकाळी भिंतीशी ठेवते हो मी त्याला," बाई म्हणाल्या, "आणि दुपारी ते मला खिडकीत भेटतं. उद्या बाहेर पडेल आणि रस्त्यावरच्या माणसाचा सदरा शिवेल."

मामासोबत त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मामा जेवढा भित्रा तेवढा हा बेफिकीर. त्याचं सगळं आयुष्य "हरकत नाही" या दोन शब्दांत मावतं. छत्री विसरली, हरकत नाही. बस चुकली, हरकत नाही. मामीने मुद्दाम ही जोडी जमवली होती. म्हणायची, "एकाला ब्रेक नाहीत, दुसऱ्याला चाकं नाहीत. दोघांची मिळून एक गाडी तरी होईल."

काम सुरू झालं आणि जमिनीखालून एकदम घर्रर्र असा आवाज उठला. मामाच्या हातातली पट्टी गळून पडली.

"बाई! इमारतीत काही पाडापाडी चालली आहे का?"

"ते बँडमास्तर," बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "खालच्या घरात असतात, लेकीबरोबर. झोपलेत. आयुष्यभर ट्रम्पेटमध्ये हवा भरली, आता म्हातारपणी वसूल करतायत."

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुम्ही घोरण्याला भिता, म्हणजे कमाल झाली. ताईशेजारी झोपता कसे?"

"तिला सांगू का हे?"

"नको नको. मी पण भितो हो, पण योग्य ठिकाणी."

दुपारपर्यंत जमीन घासून, पुसून तयार झाली. भिंतीच्या पायाशी लावलेलं जुनं लाकडी स्कर्टिंग उपटून काढलं होतं. आता फटी बुजवायच्या. तेवढ्यात बाईंनी शिवणाचं मशीन दुसऱ्या खोलीत न्यायला काढलं. लोखंडी, जड मशीन, आणि बाई एकट्या त्याला ओढतायत. मामाला ते बघवेना. ते बाईंच्या पायावर पडेल, पाय मोडेल, दवाखाना होईल, इथवर त्याच्या मनाने मजल मारली. "अहो थांबा, जपून!" करत तो धावला. जाता जाता मेहुण्याला म्हणाला, "फटी बुजव. सगळ्या. कोपऱ्यातली पण."

परत आला तर मेहुणा हात झटकत उभा. "बुजवल्या. हरकत नाही."

मामा स्वतः कडेकडेने एकदा फिरला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण माल कालवायला घेतला होता आणि तो फार वेळ थांबत नाही. मामाने बुटांना खिळ्यांचे तळ बांधले आणि बादल्या ओतायला सुरुवात केली. ओल्या मालावर खिळ्यांच्या पायांनी चालत, काट्यांचा रोलर फिरवत तो बुडबुडे मोडत होता. माल झुळझुळत खळग्यांत शिरत होता. खाली बँडमास्तरांची दुपारची झोप रंगात आली होती. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मामाला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

दोघे डबा खाऊन परत आले तेव्हा भिंतीकडच्या कोपऱ्यात मालाला वाटीएवढा खळगा पडला होता. मामा परत खिळ्यांचे तळ बांधून तिथवर गेला आणि वाकला. खळगा हळूहळू फिरत होता, मोरीच्या जाळीपाशी पाणी फिरतं तसा. माल कुठेतरी जात होता.

त्याने बाही वर करून हात घातला. भिंतीच्या पायाशी, स्कर्टिंग होतं त्याच्या मागे, विटाच नव्हत्या. हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना गार वारा लागला.

"इथं काय कोंबलं होतंस?"

"कागद," मेहुणा म्हणाला.

"कागद?"

"जाड होता, दाजी."

मामाने हाताला लागेल त्या चिंध्या कोंबल्या, वर लवकर घट्ट होणारं सिमेंट थापलं. गळती थांबली. मग त्याने भिंतीला कान लावला. आतून खोल कुठूनतरी आवाज येत होता. टप... टप... पच्च.

"ते जुनं धुरांडं आहे," बाई दारातून म्हणाल्या. "पूर्वी कोळशाच्या चुली होत्या तेव्हाचं. आमच्याकडचं तोंड कधीच बुजवलंय."

"झालं तर," मेहुणा म्हणाला. "मेलेल्या धुरांड्याला काय फरक पडतो? हरकत नाही."

मामा मात्र मान वाकडी करून ऐकत होता. कशासाठी, ते त्याला आधी कळेना. मग कळलं. खालचं घोरणं थांबलं होतं.

त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. झोपलेला म्हातारा, उघडं तोंड, आणि वरून थेंब थेंब पडणारं सिमेंट. खिळ्यांच्या तळांसकट तो खडखडत जिना उतरला आणि खालच्या दारावर दोन्ही हातांनी धडकला.

दार उघडलं. बनियनवर, केस उभे, डोळे लाल, असे बँडमास्तर समोर.

"कोण मेलं?" ते गरजले.

"कुणी नाही ना?" मामाने विचारलं.

"मला विचारतोस? दार तू वाजवतोयस!"

मामाने त्यांच्या खांद्यावरून आत नजर टाकली. छत कोरडं, भिंती कोरड्या, बिछाना कोरडा. "मास्तर, कुठे काही गळतंय का? वर माल ओतलाय. जरा बाथरूममध्ये बघू का?"

"माझी बाथरूम म्हणजे काय प्रदर्शन आहे? तिकीट लावू का? जा, झोप मोडलीस माझी." आणि दार आपटलं.

मामा ओशाळला. वर आला, तळ सोडले, आणि ती संध्याकाळ त्याने भिंतीकडे बघत काढली. घरी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "धुरांडं बंद आहे ना? मग जेवा. तुमच्या भीतीला रोज नवीन कपडे लागतात."

दुसऱ्या दिवशी माल वाळून दगड झाला होता. मामा कोपऱ्यातली राहिलेली खाच भरत होता. खाली नळ सोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बँडमास्तरांचं गाणं. अंघोळीला गेले की ते तोंडानेच पूर्ण बँड वाजवत, ट्रम्पेट वेगळा, ढोल वेगळा. मेहुणा तालावर मान हलवत होता. बाई पलीकडे मशीन चालवत होत्या.

गाणं मध्येच तुटलं.

नळाचं पाणी चालूच होतं. मामाने हातातली थापी खाली ठेवली.

"साबण गेला असेल डोळ्यात," बाई म्हणाल्या.

मामा वाट बघत राहिला. ढोल नाही, ट्रम्पेट नाही. नुसतं पाणी. त्याने भिंतीला तळवा लावला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि विचारलं, "बाई, खाली पाणी कशावर तापवतात?"

"गॅसच्या गीझरवर."

"आणि त्याचा धूर?"

बाईंनी मशीनवरचा हात उचलून त्याच भिंतीकडे बोट केलं. "याच धुरांड्यात सोडलाय की. त्यांच्याकडचं तोंड उघडंच..."

पुढचं ऐकायला मामा तिथे नव्हता. ज्याने जन्मात जिन्याचा कठडा सोडला नाही, तो माणूस तीन-तीन पायऱ्या एका उडीत उतरला. दार आतून बंद. "फोड!" तो मेहुण्यावर ओरडला. मेहुण्याने खांदा घातला, कडी तुटली. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत वाफ, निळी ज्योत भुरभुरतेय, आणि मास्तर भिंतीला पाठ लावून बसलेले, मान छातीवर, तोंड लालबुंद. मामाने गॅसचा कॉक बंद केला, खिडकी हाताने फोडली, आणि दोघांनी मिळून मास्तरांना टॉवेलात गुंडाळून गॅलरीत ओढलं. मामा त्यांच्या गालावर चापट्या मारत होता आणि म्हणत होता, "घोरा हो मास्तर, एकदा घोरा. पाया पडतो, घोरा."

थोड्या वेळाने छाती जोरात हलली. मग खोकला आला. मामाला हुंदका आवरला नाही.

दवाखान्यात त्यांना नळीने प्राणवायू दिला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाताला काही लागलं नसतं. गीझरचा धूर आत कोंडला, गीझर तपासून घ्या. मास्तरांची लेक टपाल कचेरीतून धावत आली. तिने मामाचे दोन्ही हात धरले. काच लागून ते हात कापले होते, त्यावर पट्ट्या होत्या.

"मामा, तुम्ही नसता तर... माझंच चुकलं हो. त्यांना खोकला होता म्हणून मीच खिडकी गच्च लावून टाकली होती. मीच बाबांना मारत होते."

मामाने तोंड उघडलं. त्याच क्षणी मेहुण्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"दाजींना धक्का बसलाय," तो म्हणाला. "बोलवत नाहीये त्यांना."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मेहुणा पहिल्यांदाच "हरकत नाही" म्हणाला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, हात दाखवून अवलक्षण करू नका. पोलीस येतील. उद्यापासून कोण घरात घेईल आपल्याला? म्हातारा वाचला ना? ती खिडकी उघडी ठेवेल. संपलं."

"धुरांडं तसंच बंद आहे."

"गुपचूप वरून काढू."

त्यांनी प्रयत्न केलाही. त्याच दुपारी मामाने कोपरा उकरला, आत तार सोडली. तार खोल गेली आणि टणक दगडावर आपटली. माल खाली जाऊन, जिथे गीझरची नळी भिंतीत शिरते त्या वळणावर बसला होता आणि तिथेच घट्ट झाला होता. वरून पहार पोचणार नव्हती. तो काढायचा तर खालच्या बाथरूममधूनच.

इकडे वस्तीत मामाचा जयजयकार. न्हाव्याने फुकट दाढी केली, आणि वस्तरा गळ्यापाशी आला असताना म्हणाला, "तुम्ही तर वाघ निघालात!" मामा डोळे मिटून बसला होता. त्याला वस्तऱ्याची भीती वाटत नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या सगळ्या भीती कुठे पळाल्या होत्या आणि एकच मोठी उरली होती. घरात नळ सुटला की तो ताटावरून उठे. शेजारी कुणी गाणं गुणगुणता गुणगुणता थांबलं की तो भिंतीला कान लावे.

मामीने त्याच्यापुढचं भरलेलं ताट उचललं आणि विचारलं, "आता बोला. काय केलंत?"

त्याने सांगितलं. भावाच्या कागदाचा गोळाही सांगितला आणि स्वतः कडेने फिरलो नाही, तेही सांगितलं.

"तुम्हाला पोलिसांची भीती वाटते, कामाची वाटते, त्या पोरीला तोंड दाखवायची वाटते," मामी म्हणाली. "म्हाताऱ्याची किती वाटते?"

"सगळ्यात जास्त."

"मग इतरांना रांगेत उभं करा. घाबरायचंच आहे तर नीट घाबरा. हे अर्धवट घाबरणं मला बघवत नाही."

मास्तर घरी यायला एक दिवस उरला होता. सकाळीच खिडकीला नवी काच बसल्याचं आणि गीझरवाला येऊन गेल्याचं बाईंकडून कळलं. गीझर नवाकोरा आहे, दोष नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवा, असं सांगून तो गेला. नळीच्या पुढे भिंतीत काय आहे, ते त्याने बघितलं नाही. त्याचं ते कामही नव्हतं.

मामाने छिन्नी-हातोडीची पिशवी उचलली. मेहुणा जिन्यात आडवा उभा राहिला.

"दाजी, आपलं नाव जाईल."

"नाव जाऊ दे. माणूस जाईल."

"मी येणार नाही."

"नको येऊस," मामा म्हणाला आणि त्याला बाजूला सारून गेला. मेहुणा वरच्या पायरीवर बसून राहिला.

खाली लेकीने हसत दार उघडलं. "या मामा! तुमचंच नाव काढत होते." तिने त्याला खुर्ची दिली. मामा ती नेहमीसारखी हलवून न बघता बसला. तिने चहा दिला. मामाने तो न फुंकता तोंडाला लावला, जीभ पोळली, तरी कळलं नाही. ती बोलत होती, बाबा कसे दवाखान्यातल्या जेवणाला नावं ठेवतात, परिचारिकेला ट्रम्पेट शिकवीन म्हणतात. "आणि आल्या आल्या त्यांना गरम पाण्याने अंघोळ हवी आहे. म्हटलं आधी एकदा गीझर लावून ठेवते."

ती बाथरूमकडे वळली. मामा उठून उभा राहिला.

"ताई, लावू नका."

"अहो, गीझर चांगला आहे. खिडकीच..."

"खिडकीचा दोष नाही. तुमचाही नाही. वरून माझा माल भिंतीत गेला. तुमच्या धुराची वाट त्याने बंद झाली. अजून बंदच आहे. मी त्या दिवशी बघायला आलो होतो, पण न बघताच गेलो. नंतर कळलं, तरी बोललो नाही."

मेहुण्याने बुजवलेल्या फटींसकट त्याने सगळं एका श्वासात सांगून टाकलं. मग श्वास घ्यायला त्याला भीती वाटू लागली.

लेक त्याच्याकडे बघत होती. "दवाखान्यात मी स्वतःला शिव्या देत होते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तुम्ही समोर उभे होता."

"उभा होतो."

"तुमचे हात माझ्या हातात होते."

"होते."

"तो चहा खाली ठेवा."

मामाने कप खाली ठेवला. त्याला वाटलं आता ती ओरडेल, लोक जमतील, चौकीवर नेतील. ती म्हणाली, "काढा ते. आधी काढा."

मामाने नळी सोडवली, भिंतीतलं तोंड मोकळं केलं आणि छिन्नी लावली. लेक दारात उभी राहून बघत होती. हातोडीचे घाव चुकत होते, एक अंगठ्यावर बसला. तासाभराने थोरल्या भोपळ्याएवढा राखाडी गोळा त्याच्या मांडीत येऊन पडला. त्याच्या एका बाजूला मेहुण्याचा कागद अजून चिकटलेला होता. आत काजळीचा काळा अंधार दिसला आणि वरून गार झोत आला. मामाने कागदाची सुरळी पेटवून तोंडाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला, वर निघून गेला.

"मोकळं झालं, ताई."

"तुमच्या मेहुण्यानेही बुजवलं असंच सांगितलं असेल तुम्हाला," ती म्हणाली. "नळी बसवा. गीझर लावा. दार लोटून आत उभे राहा."

मामाने गीझरकडे पाहिलं. "मी?"

"बाबा उभे राहतील त्या आधी तुम्ही. खिडकी मी उघडी ठेवते, वेडी नाही मी. आतून बोलत राहा. आवाज थांबला की मी दार उघडीन."

मामा आत गेला. ज्योत भक्कन पेटली. पाणी वाफाळायला लागलं. मास्तर ज्या भिंतीला टेकून बसले होते तिच्याकडे त्याने पाठ केली नाही.

"बोला!" बाहेरून आवाज आला.

"काय बोलू?"

"काहीही."

जन्मभर एक शब्द पुरवून पुरवून वापरलेला माणूस तो. त्याला काही सुचेना. मग तो कामच बोलायला लागला. "आधी पट्टी लावायची. मग दिवा. मग उंचवट्याला फुली... खळग्याला गोल... मग कडेने फिरायचं. स्वतः फिरायचं. दुसऱ्याला सांगायचं नाही..." त्याला घाम फुटला, डोकं जड झालं असं वाटलं, हा धूर का भीती ते ओळखता येईना. तो भिंतीला धरून बोलत राहिला. परांचीचं सांगितलं, मिस्त्रीचं सांगितलं, लग्नातल्या फळ्यांचं सांगितलं. आवाज बसला तेव्हा दार उघडलं.

"या बाहेर."

मामा चिंब होऊन बाहेर आला. धडधाकट होता. लेकीने त्याचं तोंड नीट न्याहाळलं, डोळे बघितले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, तसं तिच्या चेहऱ्यावरही नव्हतं.

"आता मी जाते," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला, ताई? मी परत जातो. दहा वेळा जातो."

"उद्या बाबांना आत पाठवायचं आहे. मला स्वतःला कळलं पाहिजे. तुम्ही बाहेर थांबा आणि ऐका."

दार लोटलं गेलं. मामाने दाराच्या फळीला कान लावला. आत असताना निदान आपण जिवंत आहोत हे त्याला कळत होतं. आता नुसतं पाणी वाजत होतं आणि त्यातून तिचा आवाज येत होता. ती कचेरीतलं काहीतरी सांगत होती, साहेबांचा चष्मा कसा पार्सलात गेला आणि परगावी पोचला. मामा एकेक शब्द मोजल्यासारखा ऐकत होता. मध्येच तिचा आवाज बारीक झाला, मग चढला. साहेब आंधळ्यासारखे सह्या कसे करतात ते आलं. आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

मामाने दार धाडकन ढकललं.

लेक बेसिनपाशी उभी होती, अंगात कचेरीचे कपडे, तोंडाला साबण, ओंजळीत पाणी. ती दचकली, पाणी सांडलं, साबण डोळ्यात गेला.

"अहो मामा!" ती डोळे मिटून ओरडली. "माणसाला श्वास तरी घेऊ द्या!"

मामा दाराची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"घ्या," तो म्हणाला. "पण मोठ्याने घ्या."